जुन्या टायरच्या रबरापासून झिरपणारा पाइप : आपल्या भागासाठी करावा का?

कुपवाडकर

नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा रबराच्या चटया आणि पॅकिंग बनवण्याचा लहान कारखाना आहे. जुन्या टायरचा चुरा, ज्याला आम्ही क्रंब म्हणतो, तो आमच्या रोजच्या वापरातला माल आहे. बरेच दिवस एक विचार मनात घोळतो आहे आणि तो येथील शेतकरी, पाइप बनवणारे आणि जाणकार मंडळींपुढे ठेवावा असे वाटते.

परदेशांत बागांसाठी ‘सोकर होज’ नावाचा पाइप विकला जातो. त्याला ड्रिपर, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, नसतात आणि भोकेही पाडलेली नसतात. पाइपची सगळी भिंतच सच्छिद्र असते आणि आत थोड्या दाबाने पाणी भरले की ते संपूर्ण लांबीभर बाहेर झिरपते. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून या कृतीची पेटंटे निघालेली आहेत. मिश्रणात वजनाने साधारण 60 ते 80 टक्के टायरचे रबर आणि उरलेले पॉलिइथिलिन असते, म्हणजे दोन्ही वस्तू आपल्याकडे टाकाऊ मालातून मिळू शकतात.

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या पट्ट्यात पाण्याची ओढ किती आहे, हे येथे कोणाला सांगायला नको. हा पाइप येथेच बनवून स्वस्तात देता आला, तर टायरच्या ढिगांचाही काही भाग मार्गी लागेल. मला तीन गोष्टींची शंका आहे. लहान कारखान्यात तो एकसारखा बनवता येईल का, आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात तो किती टिकेल, आणि खाण्याच्या पिकाला टायरचे रबर मुळाशी ठेवणे योग्य आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

मिरज एक्स्ट्रूजन

विषय चांगला काढलात. मी साध्या एचडीपीई आणि एलएलडीपीई (दोन्ही पॉलिइथिलिनचेच प्रकार) पाइपच्या लाइनवर काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

टायरचे रबर गंधकाने पक्के झालेले असते, ते पुन्हा वितळत नाही. वितळते ते फक्त पॉलिइथिलिन : एलडीपीई साधारण 105 ते 115 अंशांना आणि एलएलडीपीई 120 ते 125 अंशांना. बॅरलचे, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळकांड्याचे, तापमान 160 ते 180 अंशांच्या आसपास ठेवले तर काम होते. 200 च्या वर गेलात की रबर जळू लागते, गंधकाचा उग्र वास सुटतो आणि पाइप ठिसूळ निघतो. डायच्या, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्याच्या, डोक्यावर धूर ओढून घेणारा पंखा पहिल्या दिवसापासून लावा. ती कामगारांच्या छातीची बाब आहे आणि तेथे काटकसर करू नये.

दुसरी अडचण मिसळण्याची. रबराची घनता सुमारे 1.15 आणि पॉलिइथिलिनची 0.92, शिवाय एक चुरा आणि दुसरे दाणे. दोन्ही हॉपरमध्ये ओतले की यंत्राच्या थरथरीने वेगवेगळे होतात आणि पाइपचा एक हात भाग प्लॅस्टिकने गच्च, तर पुढचा हात भाग भुसभुशीत निघतो. म्हणून पॉलिइथिलिन दाण्यांऐवजी पावडरच्या रूपात घ्यावे लागते, किंवा मिश्रण आधी एकदा यंत्रातून काढून त्याचे दाणे पाडून मग पाइप काढावा लागतो. दुसऱ्या रीतीत वीज दुप्पट जाते, पण एकसारखेपणा येतो.

आणखी एक सांगतो. साध्या पाइपला आपण व्हॅक्युम टाकीत, बाहेरून हवा ओढून, गोल आकार देतो. येथे भिंतच हवा सोडते, त्यामुळे ती ओढ धरत नाही. मिश्रण घट्ट ठेवून, डायमधून नेमका आकार काढून, हलक्या ओढीने थंड पाण्यातून नेणे एवढाच मार्ग राहतो. ओढ जरा वाढली की पाइप लांबतो, भिंत पातळ होते आणि झिरप वाढते.

परसबाग सातारा

कुपवाडकर दादा, असा पाइप आमच्या बागेत आहे, म्हणून लिहिते. भाच्याने परदेशातून आणला होता. टेरेसवरच्या टाकीतून पाणी सोडते आणि वाफ्यांत मिरची, वांगी व कढीपत्ता आहे. वरून पालापाचोळा टाकलेला असल्याने पाइप उन्हात येत नाही. नगरपालिकेचे पाणी असल्यामुळे असेल, पण झिरप अजून चांगली चालते. टाकीजवळच्या वाफ्याला पाणी जास्त आणि शेवटच्याला कमी मिळते, एवढी तक्रार खरी आहे.

आटपाडी डाळिंब

आमच्या बोअरच्या पाण्याने साध्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात, दर हंगामात ॲसिड सोडावे लागते. ड्रिपरचे तोंड तरी डोळ्यांना दिसते. ज्या पाइपची छिद्रे दिसतच नाहीत, तो बुजला हे शेतकऱ्याला कळणार कसे?

पॉलिमर काका

आटपाडीकरांचा प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, परंतु त्याआधी छिद्रे मुळात तयार कशी होतात ते पाहू, कारण बुजण्याचे कारण तेथेच आहे. मी बरीच वर्षे पॉलिमर हा विषय शिकवला आहे.

राजगिऱ्याच्या लाडवात पाक बेताचा घातला तर दाणे एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी भरून येत नाहीत. रबराचे कण आणि पॉलिइथिलिन यांचे नाते तसेच आहे. प्लॅस्टिक वाढवले की फटी भरतात आणि पाइप झिरपेनासा होतो. फार कमी केले की कण सुटे होतात आणि पाइप वाकवताना तडकतो. म्हणून प्रमाणात थोडासा फरक झाला तरी झिरप बरीच बदलते.

छिद्रांचे दुसरे कारण ओलावा. चुऱ्याच्या अंगावर नेहमी थोडा दमटपणा असतो. बॅरलमध्ये त्याची वाफ होते, पण तेथे दाब असल्यामुळे ती कोंडून राहते; डायच्या तोंडाशी दाब सुटताच ती फुलते आणि भिंतीतून वाट काढत बाहेर पडते. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला तिचे आकारमान सुमारे 1,600 पटींहून जास्त होते, हे लक्षात घेतले तर चिमूटभर ओलाव्याचा परिणाम कळेल. कुपवाडला एप्रिलमध्ये ठेवलेला चुरा आणि जुलैच्या झडीत ठेवलेला चुरा यांच्यापासून एकाच तापमानाला दोन वेगळे पाइप निघतील. चुरा आधी पूर्ण वाळवून, नंतर ठरावीक ओलावा देऊन किंवा वाळलेलाच वापरून, रोज तीच स्थिती राखणे हे या धंद्याचे खरे तंत्र आहे.

चुऱ्याची जाडीही ठरवून घ्या. मेश म्हणजे चाळणीला एका इंचात असलेली भोके; 30 मेश म्हणजे साधारण 0.6 मिलिमीटर आणि 80 मेश म्हणजे 0.18 मिलिमीटर. जाड चुऱ्याने फटी मोठ्या होतात आणि पृष्ठभाग खडबडीत निघतो. फार बारीक चुरा घट्ट बसतो. साध्या तापमानाला दळलेला चुरा खरखरीत असतो व प्लॅस्टिकला चांगला धरतो. अतिथंड करून फोडलेल्या चुऱ्याचे कण गुळगुळीत असतात, त्यामुळे त्यांची पकड तितकी होत नाही.

कुपवाडकर

काका, मनापासून आभार. आमच्याकडे येणारा चुरा साध्या दळणाचाच असतो. मात्र त्यात नायलॉनचे कापसासारखे तंतू फार येतात. मूठभर चुरा तळहातावर चोळला की बोटांना करडी लव चिकटून राहते. चटईला त्याने काही बिघडत नाही. पाइपला चालेल का?

मिरज एक्स्ट्रूजन

अजिबात चालणार नाही. नायलॉन 6 सुमारे 220 अंशांना वितळते, म्हणजे आपल्या 170 अंशांच्या बॅरलमध्ये ते तंतूच राहते. हे तंतू डायच्या पिनेभोवती गोळा होतात आणि एक गोळा सुटला की पाइपच्या भिंतीत त्या जागी भगदाड पडते. बारीक जाळी लावून ते अडवावे म्हटले, तर त्या जाळीत रबरच अडकते. त्यामुळे चुरा आधीच वाऱ्याच्या झोताने आणि चाळणीने स्वच्छ करून घ्यावा, आणि तारेच्या तुकड्यांसाठी चुंबक दोनदा फिरवावे. पुरवठादाराकडून तंतूंचे आणि लोखंडाचे प्रमाण लेखी मागा.

वाळव्याचा ऊस

आमच्याकडे नदीकाठच्या क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप गाडण्याची योजना अनेकांनी केली आहे. तोच हा पाइप आहे का? तसे असेल तर अनुभव चांगला आहे, पाण्याची पातळी खाली गेली आणि ऊस पुन्हा उभा राहिला.

मृदगंध

वाळवेकर दादा, ते दोन पाइप कामाने एकमेकांच्या उलट आहेत. तुमच्याकडे गाडतात तो निचऱ्याचा पाइप : नालीदार पीव्हीसीचा, ठरावीक अंतरावर भोके पाडलेला आणि वरून कृत्रिम कापडाचे आवरण असलेला. तो जमिनीतील जादा पाणी व त्यातील क्षार आत घेऊन बाहेर नेतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या भूमिगत निचऱ्यावर पुष्कळ काम केलेले आहे. येथे चर्चेत असलेला पाइप पाणी आतून बाहेर सोडतो.

तरीही तुमच्या प्रश्नामुळे एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्या जमिनीत आधीच पाणी साचते, तेथे दिवसभर झिरपणारा पाइप गाडणे घातक ठरेल. पिकाला पाणी नव्हे तर वाफसा लागतो, मातीच्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही असावी लागतात. काळ्या भारी जमिनीत ओल हळूहळू पसरते, म्हणून तेथे थोडा वेळ चालवून बंद ठेवण्याच्या पाळ्या कराव्या लागतील. मुरमाड जमिनीत उलट स्थिती असते, तेथे पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते, त्यामुळे पाइप मुळांच्या अगदी जवळ हवा.

आता परसबाग ताईंनी सांगितलेल्या तक्रारीविषयी. साध्या ड्रिपरमधली वाट नागमोडी असते. तेथे दाब दुप्पट झाला तर पाणी सुमारे 1.4 पट होते. सच्छिद्र भिंतीतल्या वाटा इतक्या बारीक असतात की पाणी संथ थरांनी वाहते आणि दाब दुप्पट झाला की झिरपही जवळपास दुप्पट होते. शिवाय रबर ताणल्याने वाटा आणखी उघडतात. त्यात हा पाइप चालतो कमी दाबावर. समजा, टाकी 3 मीटर उंचीवर आहे आणि शेतात 1 मीटरचा उतार आहे. वरच्या टोकाला 3 मीटरचा दाब असेल, तर खालच्या टोकाला, घर्षण सोडल्यास, 4 मीटरचा होईल. म्हणजे खालच्या झाडांना किमान एक तृतीयांश पाणी जास्त. माण-खटावच्या उताराच्या रानात पाइप बांधाला समांतर, समपातळीत टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. संथ प्रवाहावर पाण्याच्या तापमानाचा परिणाम होतो. 20 अंशांच्या पाण्यापेक्षा 40 अंशांचे पाणी सुमारे एक तृतीयांश कमी चिकट असते, म्हणून त्याच दाबाला ते दीडपट झिरपते. काळा पाइप मे महिन्याच्या उन्हात उघडा टाकला तर सकाळचा आणि दुपारचा हिशेब जुळणार नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर मातीखाली किंवा जाड आच्छादनाखाली गाडला, की हा फरक बराच कमी होतो.

तासगाव बागायतदार

माझा या कल्पनेला, निदान द्राक्षबागेपुरता, स्पष्ट विरोध आहे आणि त्याची कारणे सांगतो.

द्राक्षाला आम्ही पाण्याबरोबर खते देतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची गाठ पडली की साका बसतो. ड्रिपरमधून तो निदान फ्लशिंगने काढता येतो. येथे पाइपची भिंतच गाळणी आहे. जे काही पाण्यात येईल ते भिंतीतच अडकणार आणि पाइपचे टोक उघडून कितीही धुतले तरी भिंतीच्या आतले निघणार नाही. छाटणीनंतर कोणत्या वेलीला किती पाणी गेले यावर आमचा सगळा हंगाम उभा असतो. ओळीच्या एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी, हे आम्हाला परवडणारे नाही.

दुसरे कारण अनुदानाचे. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत लहान शेतकऱ्याला केंद्राच्या निकषाने 55 टक्के आणि राज्याच्या पूरक मदतीसह 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते भारतीय मानक चिन्ह असलेल्या साहित्यालाच. लॅटरलसाठी (पिकाच्या ओळीतून जाणारी साधी नळी) आयएस 12786 आणि इनलाइन नळीसाठी (आतच ड्रिपर बसवलेली) आयएस 13488 ही मानके आहेत. तुमचा पाइप त्यांत बसणार नाही. म्हणजे तुम्ही तो निम्म्या किमतीत दिलात तरी शेतकऱ्याला चांगली इनलाइन नळी त्याहून स्वस्त पडेल.

कुपवाडकर

अनुदानाचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता, तो आपण आणलात हे बरे झाले. वजनाचा हिशेब मात्र मी केला आहे. बाहेरून 16 आणि आतून 12 मिलिमीटर पाइपचे वजन, छिद्रे धरून, मीटरला साधारण 80 ग्रॅम भरते. पाच फुटी सरीच्या उसाला एकरी सुमारे 2,650 मीटर पाइप लागेल, म्हणजे 212 किलो माल, आणि त्यात 70 टक्क्यांप्रमाणे दीडशे किलोच्या आसपास रबर. मालाचा खर्च कमी असला तरी वजन मोठे आहे, त्यामुळे एकरांच्या हिशेबाने ठिबकशी स्पर्धा करणे अवघड दिसते.

आटपाडी डाळिंब

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. बुजलेला पाइप ओळखायचा कसा?

परसबाग सातारा

आटपाडीकर दादा, तुमच्या प्रश्नासाठी काल पाइपच्या शेवटच्या टोकाचा बोटभर तुकडा ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली पाहिला. आत काळे खडबडीत कण दिसतात आणि त्यांच्या मध्ये जेथे प्लॅस्टिकने सांधा धरला आहे तेथे चकाकी आहे. जो भाग पाल्याखाली होता, तेथे कणांमधल्या फटी स्वच्छ आहेत. जेथे तो वाफ्याच्या विटेवरून उघडा गेला आहे, तेथे बाहेरच्या कडेला नखाने खरवडण्याजोगा पांढरा थर आहे आणि आतली बाजू मात्र काळीच आहे. त्या टप्प्यात पाइप कोरडा राहतो, हे हाताला लगेच कळते.

मृदगंध

ताईंचे निरीक्षण फार मोलाचे आहे. पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन सुकते आणि त्यातला चुना तेथेच मागे राहतो, म्हणून थर बाहेरच्या कडेला धरतो. पाइप ओल्या मातीत असला तर सुकण्याला वाव कमी मिळतो. अर्थात बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात गाडलेला पाइपही हळूहळू बुजतोच.

ओळखण्यासाठी सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पाण्याचे मीटर किंवा मापाची छोटी टाकी. त्याच उंचीवरून तेवढेच पाणी संपायला लागणारा वेळ लिहून ठेवायचा. वेळ वाढत चालला की पाइप बुजतो आहे असे समजावे. नव्या पाइपची झिरप पहिल्या काही पाळ्यांत थोडी उतरते आणि मग स्थिरावते, म्हणून मूळ नोंद पहिल्या दिवसाची न धरता स्थिरावल्यानंतरची धरावी. मात्र एकूण पाणी कमी झाले हे मीटर सांगेल. कोणत्या झाडापाशी कमी झाले ते सांगणार नाही. तासगावकरांचा आक्षेप तेवढ्यापुरता कायम राहतो.

आटपाडी डाळिंब

आणि ॲसिड सोडले तर?

पॉलिमर काका

ठिबकला वापरतो तेवढे सौम्य ॲसिड, म्हणजे पाण्याचा सामू (पीएच) 4 च्या आसपास येईल इतपत, रबराला आणि पॉलिइथिलिनला अधूनमधून सोसते. शेवाळासाठी क्लोरीन सोडताना मात्र जपावे. ते रबराला हळूहळू कडक करते. ॲसिडबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी आणि ती कुपवाडकरांच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

टायरच्या रबरात वजनाने साधारण 1 ते 2 टक्के झिंक ऑक्साइड असते. आम्लधर्मी पाण्यात ते जास्त विरघळते. आपल्या चुनखडीच्या जमिनींचा सामू 8 च्या आसपास असल्याने तेथे जस्त बांधले जाते, आणि अशा जमिनींत पिकांना जस्ताची कमतरताच असते. म्हणून कोणी हा पाइप जस्त पुरवतो असे सांगून विकू लागेल. तसे कधीही करू नये, कारण किती सुटेल यावर कोणाचाही ताबा नसतो.

जस्ताहून मला रबरातील इतर रसायनांची काळजी वाटते. टायर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचे द्रव्य घालतात. त्यापासून तयार होणारे एक संयुग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सॅमन माशांच्या मृत्यूला कारण ठरते, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी पाण्यावर वाढवलेल्या लेट्यूसला टायरमधील काही रसायने देऊन पाहिली, तेव्हा ती मुळांतून पानांपर्यंत पोहोचली. शेतातील मातीत ती एवढी पोहोचतील असा त्याचा अर्थ होत नाही, कारण माती बरेच काही धरून ठेवते. टायरमधील तेलांतल्या घातक घटकांवर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2010 पासून मर्यादा घातली आहे, पण आपल्या भंगारातला टायर कोठला आणि कोणत्या साली बनलेला हे चुऱ्याला विचारता येत नाही. माझे मत असे की पालेभाजी, कंदमुळे आणि निर्यातीचे फळ यांना हा पाइप देऊ नये.

कोरेगाव आले

म्हणजे आमचे आले आणि सांगलीची हळद बाद. दोन्ही पिके जमिनीखालीच पोसतात आणि पाइप त्यांना अगदी चिकटून राहणार. आम्ही गादीवाफ्यावर दोन इनलाइन नळ्या टाकतो, ते समाधानकारक चालले आहे. काकांचे म्हणणे मला पटते.

परसबाग सातारा

काका, मग माझी मिरची-वांगी?

पॉलिमर काका

ताई, घाबरून पाइप उपटण्याचे कारण नाही, पण भाज्यांच्या वाफ्यातून काढून फुलझाडांकडे आणि कुंपणाच्या झाडांकडे वळवलात तर मला बरे वाटेल. कढीपत्त्याला साधी ठिबक नळी द्या.

दहिवडीची लेक

सगळी चर्चा बागायती पिकांभोवती फिरते आहे. आमच्याकडे माणमध्ये रस्त्याकडेला, गायरानात आणि डोंगरउतारावर झाडे लावली जातात. पावसाळ्यात लावायला सगळे येतात. प्रश्न फेब्रुवारीपासून पुढचा असतो. आम्ही मडके गाडतो, सलाइनच्या रिकाम्या बाटल्या बांधतो. मडके उत्तम चालते, पण गुरांच्या पायाने फुटते आणि प्रत्येक मडके हाताने भरावे लागते. बाटल्यांच्या नळ्या चोरीला जातात किंवा तोंडाशी शेवाळ धरते.

ड्रिपरची नळी टाकली तर गुराख्यांची मुले ड्रिपर काढून घेतात, आणि टँकरने आणलेल्या गढूळ पाण्याने उरलेले बुजतात. जमिनीखाली गाडलेला, फारशा दाबाची गरज नसलेला, उपटून विकण्याजोगा नसलेला पाइप मिळाला, तर वड, पिंपळ, कडुनिंब, करंज यांची पहिली दोन-तीन वर्षे निभावतील. ही काही खाण्याची पिके नाहीत. झाड मूळ धरून उभे राहिले की पाइप बुजला तरी बिघडत नाही. मला वाटते कुपवाडकर दादांच्या पाइपचे गिऱ्हाईक येथे आहे, द्राक्षबागेत नाही.

तासगाव बागायतदार

ताई, या वापराला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. फक्त टँकरचे गढूळ पाणी थेट सोडू नका. ड्रिपरच्या वाटेपेक्षा या भिंतीतल्या वाटा कितीतरी बारीक असतात, त्यामुळे ड्रिपर बुजवणारे पाणी या पाइपला आधी बुजवेल. ठिबकला आपण 120 मेशची जाळी वापरतो. येथे 200 मेशची हवी, आणि टाकीत पाणी एक रात्र निवळू द्यावे.

वाळव्याचा ऊस

उंदीर आणि घुशी रबर कुरतडतात, याचाही विचार करा. आमच्या उसात साधी लॅटरलसुद्धा शाबूत राहत नाही.

कुपवाडकर

सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिले याबद्दल ऋणी आहे. या चर्चेनंतर माझा विचार बदलला आहे. एकरांवर टाकण्याचा पाइप बनवण्याचा बेत मी सोडतो. त्याऐवजी दहिवडीच्या ताई म्हणतात तसा, झाडांच्या लागवडीसाठी वीस-पंचवीस मीटरच्या आखूड तुकड्यांत, टाकीवर चालणारा आणि गाडण्याचा पाइप प्रयोगापुरता काढून पाहावा असे ठरवतो आहे. पाइपवर ‘खाण्याच्या पिकांसाठी नाही’ असे छापूनच तो बाहेर पडेल. टायरच्या विल्हेवाटीसाठी 2022 मध्ये आलेले उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांत हे उत्पादन कसे बसते, ते सल्लागाराकडून समजून घेतो.

मिरजेचे दादा, एकसारखेपणा तपासण्याची सोपी पद्धत कोणती?

मिरज एक्स्ट्रूजन

समपातळीत पाइप पसरा, टाकीची उंची कायम ठेवा आणि पाणी थोडा वेळ चालू देऊन आतली हवा जाऊ द्या. मग पाइपच्या लांबीवर विखुरलेल्या ठिकाणी एकेक मीटरच्या भागाखाली, उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पन्हाळीसारखा धरून, ठरावीक वेळेत जमलेले पाणी मोजा. सगळ्या मापांची सरासरी काढा. मग सर्वांत कमी भरलेल्या एक चतुर्थांश मापांची वेगळी सरासरी काढून तिला पहिल्या सरासरीने भागा. चांगल्या ठिबक संचाकडून 90 टक्क्यांच्या आसपास अपेक्षा असते. तुमचा पाइप तेवढा येणार नाही, पण झाडांसाठी 70 टक्क्यांच्या खाली गेला तर मी तो माल परत दळायला पाठवीन. रोलच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तिन्ही भाग तपासा. बॅरल तापत जाते तसा पाइप बदलतो.

दहिवडीची लेक

आमच्या गावच्या गायरानात सिमेंटची टाकी बांधून तयार आहे आणि खाली लावलेल्या झाडांच्या ओळी समपातळी चराला धरून आहेत. पहिला रोल निघाला की कळवा, खणायला माणसे आम्ही देऊ. निम्म्या ओळी मडक्यांवर ठेवू, म्हणजे तुलना करता येईल.

मृदगंध

ताई, पाइप गाडण्याआधी त्या टाकीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून तपासायला द्या. सामू, क्षारता, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि लोह एवढे पुरे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी येऊ लागले की दुसरा नमुना वेगळा द्या, कारण ते पाणी दुसऱ्या विहिरीचे असेल.

दहिवडीची लेक

देते. येत्या आठवड्यात तालुक्याला जाणार आहे, तेव्हा पहिली बाटली नेईन.